पोटात गोळा

मराठी मध्यमवर्गीय घरात ‘गुणवत्ता’ हा शब्द फार जपून वापरावा. बोर्डाची गुणवत्ता यादी बंद होऊन कैक वर्षं लोटली, पण आमच्या डोक्यातून ती उतरलेली नाही. त्यामुळे पालकसभेत शाळेच्या समुपदेशक बाई ‘मुलांच्या जीवनाची गुणवत्ता’ असं म्हणाल्या, तेव्हा आमच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी ताबडतोब विचारलं, “किती टक्क्यांपासून धरतात?”

गृहस्थ सज्जन. मुलगी दहावीत. परीक्षा आली की तिच्या पोटात गोळा यायचा, हात गार पडायचे. डॉक्टरांनी पोट तपासलं, आजीने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, आणि दोन्ही निरुपयोगी ठरल्यावर शाळेने तिला बाईंकडे पाठवलं. बाई म्हणे नुसतं ऐकून घेतात. यात वाकोल्याला काही नवल नाही. विमानतळ शेजारी असल्यामुळे वाक्याच्या मध्यावर थांबायची आणि समोरच्याला थांबू द्यायची सवय इथे फुकट लागते. बाईंना त्यासाठी एम. ए. व्हावं लागलं.

तर बाईंनी तिला सगळ्यात मोठी अडचण लिहायला सांगितली. तिने लिहिलं (हे तिनेच आमच्या सौ.ला सांगितलं, बाईंनी नव्हे), “बाबा पेपर वाचत नाहीत. पेपर धरून माझ्याकडे बघतात.”

आता आली पंचाईत! मुलीला बाबांची नजर सोसायला शिकवायचं, की बाबांना पेपर वाचायला? पहिलं सोपं, कारण मुलगी रोज शाळेत सापडते. पण घरात धूर झालाय आणि आपण पोराला श्वास कसा धरावा ते शिकवतोय, याला उपचार म्हणायचं का? उलट, धूर विझेपर्यंत पोराने खोकत राहावं हेही न्यायाचं नाही. ती पोरगी शहाणी. तिने टेबल उचलून गॅलरीत नेलं. गोळा गेला नाही, पण लहान झाला म्हणते.

‘लहान झाला’ हे मोजायचं कसं? गोव्याच्या ‘संगात’ या संस्थेच्या लोकांनी दिल्लीच्या सरकारी शाळांत 251 मुलांवर केलेला एक प्रयोग 2020 साली प्रसिद्ध झाला. पुस्तिका सगळ्यांनाच दिल्या. निम्म्यांना शिवाय एक समुपदेशक दिला, साधा पदवीधर, मानसशास्त्र न शिकलेला. सहा आठवड्यांनी ठरावीक प्रश्नावलीच्या गुणांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पण मुलांनी स्वतः लिहिलेल्या अडचणी समुपदेशकवाल्यांच्या जास्त हलक्या झाल्या होत्या. पंडित म्हणतील, गुण पाहा. मी मुलांच्या बाजूचा. आयुष्य त्यांचं, गोळाही त्यांच्याच पोटातला. तो केवढा, हे त्यांच्याखेरीज कोण सांगणार?

आणि धुराचंही काही करता येतं बरं का. त्याच संस्थेने बिहारमधल्या 74 शाळांत एकेकट्या मुलाऐवजी अख्ख्या शाळेचं वातावरणच हाती घेतलं. 2018 साली निष्कर्ष आले. बाहेरून आलेल्या साध्या समुपदेशकांमुळे मुलांची उदासी कमी झाली, दादागिरीही कमी झाली. तेच काम तिथल्या शिक्षकांकडे दिलं, तिथे मात्र काहीच फरक पडला नाही.

माझे दोन मेव्हणे शिक्षक आहेत. त्यांना हे मी अजून सांगितलेलं नाही.