पुरे म्हणणारे पान

श्रावण सरत आला की बुलढाण्याच्या घाटावर, चिखली-मेहकर-लोणारच्या पट्ट्यात, काळ्या रानांवर सोयाबीनची सलग हिरवाई पसरते आणि डवरणी-निंदणाच्या धांदलीतून मोकळी झालेली माणसे बांधावर उभी राहून पिकाचा अंदाज घेऊ लागतात. अशा वेळी एखादे झाड हलक्या हाताने मुळासकट उपटावे, माती झटकावी आणि मुळांवरच्या गाठी न्याहाळाव्यात. नखाने गाठ फोडल्यावर आत तांबूस-गुलाबी रंग दिसला, तर ती हवेतला नत्र बांधते आहे असे खुशाल समजावे. तो रंग ज्या प्रथिनाचा, ते आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे दूरचे नातलग. माणसाच्या नसांत आणि सोयाबीनच्या मुळांत एकाच कुळातले द्रव्य असावे, हे कितीही वेळा वाचले तरी मला शिळे वाटत नाही. पण रंगाहूनही अधिक विचारात पाडते ती गाठींची संख्या. मूळ एवढे पसरलेले असताना गाठी इतक्याच का?

हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्राचा असूनही कोणत्याच झाडाला तो थेट घेता येत नाही. ती किमया मोजक्या जिवाणूंनाच साधते. १८८८ मध्ये बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने अशा गाठींतून ते जिवाणू वेगळे केले आणि पेरणीपूर्वी बियाण्याला रायझोबियम चोळणारा आजचा शेतकरी त्याच शोधाचा वारस आहे. परंतु जिवाणू मुळाशी आला की गाठ धरली, असे होत नाही. आधी मूळ मातीत काही द्रव्ये सोडते. ती ओळखून जिवाणू साखर आणि स्निग्धाम्ल यांच्या जोडणीतून घडलेला आपला संकेतरेणू पुढे करतो. मुळावरच्या सूक्ष्म केसांच्या पटलात रुतलेली ग्राही प्रथिने तो पारखतात. आणि मग त्या पेशीच्या केंद्रकात कॅल्शियमची पातळी मिनिट-दोन मिनिटांच्या लयीत चढू-उतरू लागते. आतल्या थरातल्या, विभाजन थांबवून स्थिरावलेल्या पेशी त्यानंतर पुन्हा विभागू लागतात. परक्याला आत घेण्यापूर्वीची ही सावध विचारपूस वाचताना वाटते, जवळीक निसर्गातही एका झटक्यात होत नाही. ती ओळखीच्या पायऱ्या चढतच येते.

संकेत वाहणाऱ्या आणि झेलणाऱ्या या रेणूंच्या संगतीत मला काव्यमीमांसक आनंदवर्धन आठवतो. नवव्या शतकातल्या काश्मिरात त्याने काव्याचा आत्मा ध्वनीत, म्हणजे सूचित अर्थात, पाहिला आणि तो ध्वनी उमलण्यासाठी सहृदय रसिकाची अपेक्षा धरली. पेशींच्या जगातही संकेतरेणूपाशी स्वतःचा असा पुरा अर्थ नसतो. १९६२ मध्ये स्टॅन्ली कोहेन यांनी उंदरांच्या लालाग्रंथींतून मिळवलेले एक प्रथिन नवजात पिलांना टोचले, तेव्हा त्यांचे डोळे वेळेआधी उघडले आणि दातही लवकर फुटले. या वाटेवरच्या कामासाठी १९८६ चे नोबेल कोहेन आणि रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना विभागून मिळाले. तेच प्रथिन एका पेशीला विभाजनाकडे नेते, दुसरीला जागा सोडून सरकायला लावते, क्वचित एखादीला मृत्यूकडेही ढकलते. कोणत्या पेशीत कोणती ग्राही प्रथिने, त्यांच्यामागे कोणती साखळी सज्ज, यावर निरोपाचा आशय ठरतो. बोलणाऱ्याइतकेच ऐकणाऱ्याचे घडणे महत्त्वाचे, हे रसिकांना ठाऊक असलेले सत्य देहाने फार आधीपासून पाळले आहे.

आता गाठींच्या त्या संख्येकडे वळू. १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी सोयाबीनची अशी काही उत्परिवर्तित झाडे निवडून काढली, की ज्यांच्या मुळांवर गाठींना सुमारच उरला नव्हता. नत्राची एवढी मुबलकता असताना झाड माजायला हवे. उलट त्यांची वाढ मंदावलेली असे, कारण प्रत्येक गाठ जगते ती पानांनी उन्हात कमावलेल्या साखरेवर. कलमे बांधून पाहिली तेव्हा कळले की बिघाड मुळांकडे नव्हताच: त्याच मुळांवर साध्या झाडाचा शेंडा बसवला की गाठी प्रमाणात येत. पहिल्या गाठी धरू लागताच मूळ बारा-तेरा अमिनो आम्लांची इवली साखळी पानाकडे धाडते. पानातले एक ग्राही प्रथिन, ज्याचे जनुक २००३ मध्ये ओळखले गेले, ती झेलते. आणि पानाकडून खाली निरोप जातो की आता पुरे. शेतात युरिया पडून नत्र आयता मिळाला, तरीही झाड गाठींवरचा खर्च आखडता घेते. वाढण्याची विद्या थांबण्याच्या विद्येवाचून अपुरी राहते, हे त्या बहुगाठी, अशक्त झाडांनी प्रयोगशाळेत सिद्ध केले.

माणसाच्या देहातही हाच पेच आहे. रास नावाचे एक प्रथिन वाढीचा निरोप आत पोहोचवताना क्षणभर चेतते आणि काम होताच मालवते. १९८२ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींत आढळले, की त्याच्या जनुकातले एक अक्षर बदलले होते आणि बाराव्या जागेवर ग्लायसिनऐवजी व्हॅलिन बसले होते. एवढ्यानेच ते मालवायचे विसरले. बाहेरून कोणी हाक देत नसतानाही पेशीला ती ऐकू येतच राहिली. निरोगी पेशी ऐकलेले पुसण्यासाठी केवढे कष्ट घेते! वापरलेली ग्राही प्रथिने आत ओढून मोडते, साखळीतल्या प्रथिनांवर चढवलेले फॉस्फेट उतरवून ठेवते. नवे ऐकण्यासाठी जुने विसरावे लागते. स्मृतीचे गोडवे गाणाऱ्या आपल्या संस्कृतीने विस्मरणाचे हे ऋण मात्र फारसे मान्य केलेले नाही.

या साऱ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती झाडाची एक साधी योजना: थांबवण्याचा अधिकार त्याने साखर कमावणाऱ्या पानाकडे ठेवला आहे. जो खर्च सोसतो, तोच मर्यादा सांगतो. मानवी व्यवहारात ही सांगड फार सहज सुटते. वाढीचे आकडे एकीकडे मोजले जातात आणि त्यांची किंमत भलतीकडेच चुकवली जाते, जसा बाजाराचा भाव कुठे दूर ठरतो आणि तो पडल्यावर झळ मात्र घाटावरच्या पेरणाऱ्याला लागते. संयमाला आपण व्यक्तीचा सद्गुण मानत आलो, त्याची शिकवण देत आलो, तो नसलेल्यांना दोष देत आलो. सोयाबीनचे झाड तो व्यवस्थेत शोधायला सांगते: किंमत मोजणाऱ्याचा आवाज वाढणाऱ्यापर्यंत पोहोचेल अशी वाट खुली असेल, तर संयम वेगळा शिकवावा लागत नाही.