हुकमाचं पान

सातवा डाव चालू आहे. आघाडी एका धावेची, तिन्ही बेसवर समोरचे उभे, बाद कुणीच नाही आणि आपला पिचर दमलेला. संघातला सगळ्यात भारी पिचर बुलपेनमध्ये, म्हणजे बदली पिचरांच्या जागेत, बसून आहे. पण त्याला नवव्या, म्हणजे शेवटच्या डावासाठी राखलेलं. आता उतरवावा की थांबावं? परभणीत रात्री अकरा वाजता, बेसबॉलचं खरं मैदान जन्मात न पाहिलेला माणूस या प्रश्नापाशी दहा मिनिटं अडून बसतो, याचं घरच्यांना हसू येतं.

खेळ संगणकावरचा आहे, पण जात जुनी. अमेरिकेत स्ट्रॅट-ओ-मॅटिक हा खेळ 1961पासून फासे आणि कार्डांवर चालतो. खऱ्या खेळाडूची वर्षभराची कामगिरी कार्डावर उतरवायची आणि व्यवस्थापक आपण व्हायचं. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला काढून चार षटकांनी परत आणता येतं. इथं बाहेर काढलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही. शिवाय लागोपाठ तीन दिवस वापरला की तो थकतो आणि खेळ त्याचा हिशेब चोख ठेवतो. म्हणून हुकमाचं पान टाकताना हात कचरतो.

हे पान शेवटालाच टाकायचं, ही सवय मात्र आकड्यानं लावली. जेरोम होल्ट्झमन या शिकागोच्या क्रीडापत्रकारानं बदली पिचरच्या कामाचं मोल व्हावं म्हणून ‘सेव्ह’ची कल्पना मांडली, 1969मध्ये ती अधिकृत झाली. थोडक्या धावांची आघाडी शेवटपर्यंत टिकवली की पिचरच्या नावावर एक सेव्ह. हेतू चांगला. पण पुढं व्यवस्थापक सामना बघायच्या आधी हा रकाना बघू लागले. ऑक्टोबर 2016मध्ये बाल्टिमोर आणि टोरोंटो यांचा एकच, हरला तो घरी, असा सामना होता. बाल्टिमोरच्या झॅक ब्रिटननं त्या मोसमात सत्तेचाळीसपैकी सत्तेचाळीस सेव्ह मिळवलेले. सामना बरोबरीत अडकला, जादा डावांत गेला. व्यवस्थापक बक शोवॉल्टर आघाडीची वाट पाहत राहिले. अकराव्या डावात दुसऱ्याच पिचरवर टोरोंटोच्या एन्कार्नासिऑननं तिघांना घरी आणणारा फटका मारला. ब्रिटन एकही चेंडू न टाकता घरी गेला. त्याच महिन्यात क्लीव्हलंडचे व्यवस्थापक टेरी फ्रँकोना आपला हुकमी पिचर अँड्र्यू मिलर अडचण दिसेल तिथं, अगदी पाचव्या डावातही, उतरवत होते. पुढं लीगच्या अंतिम मालिकेत त्यांनी याच टोरोंटोला हरवलं आणि मालिकावीर ठरला मिलर.

‘तळे राखी तो पाणी चाखी’ असं आपण म्हणतो. म्हण राखणाऱ्याला हक्क देते. चाखायचं कधी, ते सांगत नाही. आमच्या भागात कोरडवाहू ज्वारीला विहिरीतलं एखादंच पाणी देता येतं. पोटरीत आलेल्या ज्वारीला ताण सोसत नाही, हे कृषी विद्यापीठ सांगतं आणि त्याच्या आधीपासून म्हातारी माणसंही सांगत आली. तरी विहिरीत दोन परस पाणी दिसलं की हात आखडतो. पुढं लागलं तर? मग कणीस निसवतं, दाणा भरत नाही, आणि राखलेलं पाणी विहिरीत तसंच असतं.

मला वाटतं, हा कंजूषपणा नाही, बोलणी खायची भीती आहे. पान लवकर टाकून हरलं तर गाव म्हणतं, घाई केली. राखून हरलं तर नशिबावर ढकलता येतं. निर्णयाला नाव निकालच देतो. 24 नोव्हेंबर 1993ला ईडन गार्डन्सवर, हीरो कपच्या उपांत्य क्रिकेट सामन्यात, दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्या होत्या. कपिलदेव संघात असताना कर्णधार अझरुद्दीननं चेंडू त्या सामन्यात तोवर एकही षटक न टाकलेल्या सचिन तेंडुलकरकडं दिला. सचिननं तीनच धावा दिल्या, भारत दोन धावांनी जिंकला, आणि त्या निर्णयाला आपण आजही धाडस म्हणतो. आफ्रिकेच्या ब्रायन मॅकमिलनचा एक फटका सीमेपार गेला असता, तर त्याच निर्णयाला काय म्हटलं असतं?

संगणकावर बोलणी खावी लागत नाहीत. म्हणून तिथं निर्णय आणि निकाल वेगळे करून बघता येतात. तोच प्रसंग परत-परत खेळला, तर बरोबर निर्णयही कितीदा हरतो ते दिसतं. बांधावर ही सोय नाही. तिथं तीच जमीन, तेच पीक, पण पुढचा डाव पुढच्या पेरणीला.

त्या रात्री मी हुकमी पिचर सातव्यातच उतरवला. त्यानं तिघांना एका धावेविना बाद केलं. नवव्यात दुसऱ्यानं सामना घालवला. घड्याळात साडेअकरा झाले होते; शेतावरच्या मोटारीला रात्रीची वीज बाराला येणार होती, म्हणून मी संगणक बंद करून बॅटरी शोधायला लागलो.