पालनी आणि पक्षनिष्ठा

राजकीय पक्षाने आपला संदेश प्रभावी कसा करावा आणि गावपातळीवरची बांधणी भक्कम कशी करावी, हा प्रश्न साधारणपणे तंत्राचा समजला जातो आणि त्याचे उत्तर घोषणा, प्रचारफेऱ्या, बूथनिहाय याद्या व कार्यकर्त्यांच्या शिबिरांत शोधले जाते. मात्र या प्रश्नाच्या तळाशी धर्मचिंतनाने फार पूर्वी हाताळलेला एक प्रश्न आहे. एखाद्या वचनावर माणसे विश्वास ठेवतात तेव्हा तो विश्वास वचनातील शब्दांवर असतो, ते उच्चारणाऱ्याच्या आचरणावर असतो, की ज्या समुदायासमोर ते उच्चारले गेले त्या समुदायाच्या साक्षीवर असतो? नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे सातपुड्यातले गाव या प्रश्नाचा विचार करण्यास विशेष सोयीचे आहे, कारण तेथे कोणत्याही पक्षाची शाखा उघडण्याच्या कितीतरी आधीपासून हजारो माणसांना एका ठिकाणी, एका वेळी आणि एका नियमाखाली एकत्र आणणारी व्यवस्था नांदत आली आहे.

काठी हे पूर्वी खानदेशातील मेवासी संस्थानांपैकी एक होते. मेवासी संस्थाने म्हणजे सातपुड्याच्या डोंगराळ पट्ट्यात भिल्ल प्रमुखांच्या ताब्यात असलेली व ब्रिटिश अमलातही काही अंशी स्वायत्त राहिलेली छोटी राज्ये. संस्थान गेले, परंतु ‘राजवाडी होळी’ राहिली. तिची परंपरा इ. स. १२४६ पासूनची सांगितली जाते आणि तिच्यासाठी महाराष्ट्राबरोबरच शेजारच्या गुजरात व मध्य प्रदेशातूनही आदिवासी बांधव डोंगर उतरून येतात. होळीसाठी उंच, सरळ बांबू विधिपूर्वक आणला जातो, त्याच्यासाठीचा खड्डा अवजार न वापरता हातांनी कोरला जातो, रात्रभर ढोलाच्या तालावर फेर चालतात आणि होळी पेटते ती पहाटे. ज्यांनी नवस बोललेला असतो ते बावा, बुध्या, मोरखी अशी सोंगे धारण करतात. अंगावर राखेची नक्षी, डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा व मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे असा त्यांचा वेश असतो. या वेशाआधी काही दिवस त्यांनी ‘पालनी’ केलेली असते. पालनी म्हणजे व्रतस्थ राहणी: खाटेवर न बसता जमिनीवर झोपणे, ब्रह्मचर्य पाळणे, स्वतःचे अन्न स्वतः शिजवणे, अंघोळ न करणे. ज्याने पालनी केली नाही त्याला तो वेश शोभत नाही, आणि केली की नाही हे पाड्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक असते, कारण ती सर्वांच्या डोळ्यांसमोरच करावी लागते.

या होळीला आता निरनिराळ्या पक्षांचे लोकप्रतिनिधीही हजेरी लावतात, ढोलावर ठेका धरतात आणि छायाचित्रे काढून घेतात. त्यात गैर असे काही नाही; लोकांच्या सणाला लोकप्रतिनिधीने जाऊ नये असे कोण म्हणेल? तथापि बुध्या आणि पाहुणा पुढारी एकाच फेरात नाचत असले तरी त्यांच्या नाचण्याचा अर्थ एक नसतो. बुध्याचा संदेश त्याच्या पालनीने आधीच सिद्ध झालेला असतो, तर पुढाऱ्याचा संदेश सिद्ध व्हायचा असतो आणि पुष्कळदा तो सिद्ध होण्याची वेळ येण्यापूर्वीच त्याची मोटार परतीच्या रस्त्याला लागलेली असते.

धर्माची प्रतीके राजकारणाने वापरावीत की नाही, हा वाद महाराष्ट्रात जुना आहे. लोकमान्य टिळकांनी १८९३ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देण्यास चालना दिली तेव्हा समाजाला एकत्र येण्याचे व्यासपीठ मिळाले हे खरे, आणि त्या व्यासपीठावर कोण बसणार व कोण बाहेर राहणार हा प्रश्न त्याच वेळी उभा राहिला हेही खरे. स्वतंत्र भारतात कायद्याने एक सीमा आखली. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३(३) नुसार धर्म, वंश, जात, समुदाय किंवा भाषा यांच्या आधारे मत मागणे हे ‘भ्रष्ट आचरण’, म्हणजे निवडणूक रद्द होण्यास पुरेसे ठरणारे गैरकृत्य, मानले जाते. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने असा निर्वाळा दिला की ही बंदी केवळ उमेदवाराच्या धर्माबाबत नसून मतदाराच्या धर्माच्या आवाहनालाही लागू आहे. मात्र कायदा प्रतीकाच्या वापरापुरता बोलतो. धर्माकडून आचरणाची शिस्त घेता येते काय, याविषयी तो मौन पाळतो, आणि या लेखाचा खरा विषय हाच प्रश्न आहे.

त्या शिस्तीची दोन उदाहरणे काठीपासून फार दूर नाहीत. पहिले तळोदा तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांचे. १९३७-३८ च्या सुमारास त्यांच्या सोमवारच्या आरतीला सातपुड्याच्या पायथ्याचे भिल्ल हजारोंच्या संख्येने जमू लागले. दारू सोडावी, रोज अंघोळ करावी, चोरी करू नये असे त्यांचे सांगणे होते आणि त्यांचे अनुयायी एकमेकांना भेटताना ‘आप की जय’ म्हणत. १९३८ मध्ये महाराजांचे निधन झाल्यावर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी परंपरा पुढे चालवली. या पंथाचा कार्यक्रम बाहेरून पाहता केवळ सुधारणावादी व मवाळ वाटतो. परंतु ज्या मजुराचे कर्ज आणि वेठ दारूच्या दुकानाशी बांधलेली होती, त्याने दारू सोडणे ही आर्थिक कृतीच होती. आणि ज्याला अरेतुरे ऐकण्याची सवय लावण्यात आली होती, त्याने आपल्या माणसाला आदराने संबोधणे ही सामाजिक कृती होती. हे सर्व एकाही जाहीरनाम्याशिवाय घडले.

दुसरे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि म्हणून अधिक शिकवणारे आहे. शहादा तालुक्यातील अंबरसिंग सुरतवंती हे भजनी परंपरेतून आले. लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत. सर्वोदयी कार्यकर्त्यांच्या सहवासात त्यांनी भिल्ल आदिवासींच्या प्रश्नांवर काम केले, आणि मे १९७१ मध्ये पाटीलवाडी येथे धान्यलुटीच्या आरोपावरून आदिवासींवर हल्ला होऊन गोळीबारात एकाचा मृत्यू झाला तेव्हा सावकारी व सालदारी यांविरुद्धचा असंतोष उघड्यावर आला. सालदारी म्हणजे वर्षाच्या ठरावावर, बहुधा उचल घेऊन, जमीनमालकाकडे राबण्याची पद्धत. ३० जानेवारी १९७२ रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीला, शहाद्यात भू-मुक्ती मेळावा भरला. मुंबई-पुण्याकडून आलेले डाव्या विचारांचे सुशिक्षित तरुण, सर्वोदयी कार्यकर्ते आणि भजनी महाराज अशा परस्परांशी सहज न जुळणाऱ्या मंडळींच्या एकत्र कामातून त्या वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली.

या संघटनेची बांधणी कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे. तिच्या बैठका गावात रात्री भरत, कारण दिवसा माणसे मालकाच्या शेतात असत. तिचा पहिला संदेश गहाण पडलेल्या किंवा बळकावलेल्या विशिष्ट जमिनीविषयी आणि विशिष्ट मजुरीविषयी होता, म्हणजे तो खरा की खोटा हे ऐकणाऱ्याला स्वतःच्या बांधावर जाऊन तपासता येत होते. पुढे स्त्रियांनी दारूची मडकी फोडण्याची जी मोहीम उघडली तिची कल्पना कोणा वरिष्ठ समितीत शिजलेली नव्हती. शिबिरात एकत्र बसलेल्या स्त्रियांना आपल्या घरातील मारहाणीचे कारण एकच असल्याचे दिसले आणि त्या उठल्या. गुलाम महाराजांनी उपदेश म्हणून सांगितलेली गोष्ट येथे हक्क म्हणून परत आली. अनुसूचित जमातींच्या जमिनी परत करण्याविषयीचा कायदा महाराष्ट्रात १९७४ मध्ये तयार झाला. त्यामागे राज्यभरातील अनेक कारणे होती, पण शहाद्याच्या लढ्याने त्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करणे कठीण केले, हे मान्य करावे लागते. त्याच वर्षी अंबरसिंग महाराजांचे अकाली निधन झाले.

भजनातून आलेला माणूस आणि मार्क्स वाचून आलेला माणूस यांना एकत्र बांधणारा दुवा कोणता होता? तत्त्वज्ञान नव्हे, कारण ते त्यांचे जुळत नव्हतेच. दोघेही ज्या गावात बोलत त्या गावात राहत, तेथलीच भाकर खात आणि बोललेल्या शब्दाचे परिणाम त्यांनाही भोगावे लागत. पालनीचे सार हेच आहे. धार्मिक व्रताला देवतेची साक्ष असते, येथे शेजाऱ्याची होती. परंतु शब्दाआधी आचरण आणि आचरणाला साक्षीदार, हा क्रम दोन्हीकडे सारखाच दिसतो. पक्षांच्या प्रचारशिबिरांत हा क्रम नेमका उलटा शिकवला जातो.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो आणि तो टाळता येत नाही. धर्माची शिस्त राजकारणात आणली की धर्माची भक्तीही मागोमाग येते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील अखेरच्या मोठ्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले होते की धर्मात भक्ती हा आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणातील भक्ती, म्हणजे व्यक्तिपूजा, अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी करिष्म्यावर, म्हणजे अनुयायांना असामान्य वाटणाऱ्या व्यक्तिप्रभावावर, उभ्या राहिलेल्या संघटनांचा विचार करताना दाखवले की नेत्यामागे त्या प्रभावाचे रूपांतर एकतर वारशात होते किंवा कचेरीत. त्यांचे समकालीन रॉबर्ट मिखेल्स यांनी १९११ मध्ये जर्मनीच्या समाजवादी पक्षाचा अभ्यास करून त्याहून कटू निष्कर्ष काढला: समतेचा उद्घोष करणारी संघटनासुद्धा वाढत गेली की मूठभरांच्या हाती जाते. नंदुरबारच्या राजकारणावर नजर टाकली तर राष्ट्रीय पक्षांचे झेंडे बदलत गेले तरी उमेदवारी काही मोजक्या घराण्यांभोवती फिरत राहिल्याचे दिसते, आणि हे कोणा एकाच पक्षाविषयी म्हणता येणार नाही.

या आक्षेपाचे उत्तर पालनीतच सापडते, असे मानण्यास आधार आहे. पालनी व्यक्तीची पूजा करीत नाही, ती व्यक्तीला बांधते. तिला मुदत असते आणि ती संपली की बुध्या पुन्हा इतरांसारखा शेतकरी होतो. भक्ती अनुयायाकडून मागितली जाते, व्रत मात्र पुढे येऊन बोलणाऱ्याने स्वतःवर घालून घ्यायचे असते. पक्षाने कार्यकर्त्याकडून नेत्यावरील निष्ठा मागण्याऐवजी नेत्याकडून मुदतबंद, जाहीर आणि तपासता येण्याजोगे व्रत मागितले, तर आंबेडकरांच्या इशाऱ्याला बाध न आणता धर्माची शिस्त राजकारणात आणता येते. पक्षनिष्ठा ही परत घेता येण्याजोगी असली पाहिजे. जी परत घेता येत नाही ती निष्ठा पक्षाच्या कोणत्याही कामाची नाही, कारण तिच्यामुळे आपले काय चुकले हे पक्षाला कधीच कळत नाही.

काठी परिसरात याचा व्यावहारिक अर्थ काय, हे सांगणे अवघड नाही. येथे गाव म्हणजे एकमेकांपासून दूर पसरलेले पाडे. मतदार यादीच्या एका पानाची जबाबदारी एका कार्यकर्त्यावर टाकणारी पन्नाप्रमुखाची पद्धत शहरातील इमारतीत चालते, पण येथे पानावरची दोन शेजारची नावे दोन टेकड्यांवर राहत असू शकतात आणि नर्मदाकाठच्या मतदान केंद्रांवर कर्मचाऱ्यांनाच नावेतून जावे लागते. म्हणून बांधणीचे एकक पाडाच असावे लागते. पत्रके प्रमाण मराठीत छापली जातात, तर घरात भिलोरी वा पावरी बोलली जाते. ज्याला त्या बोलीत प्रश्न विचारता येतो आणि शिवी खाता येते तोच खरा संदेशवाहक. दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला व मजुरीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात, त्यामुळे होळी हा सगळा गाव घरी असण्याचा काळ असतो. नेमक्या त्या काळात पक्ष स्वागतकमानी उभारतात. रोजगार हमीचे थकलेले दाम, वनहक्काचे रखडलेले दावे आणि मुकादमाकडील उचल यांचा हिशेब त्याच दिवसांत मांडला तर तो ऐकायला माणसे हजर असतील. शेतीच्या कामात एकमेकांना मदत करण्याची ‘लाहा’ ही रीत या डोंगरात आहे, ज्यात आज एकाच्या शेतात सर्व राबतात आणि उद्या दुसऱ्याच्या. पक्षाचा शाखाध्यक्ष लाह्याला जातो की नाही, यावरून पाड्याला त्याच्याविषयी जे कळते ते भाषणातून कळत नाही.

संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील हा प्रदेश असल्यामुळे १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांत ग्रामसभेला विशेष अधिकार देणारा कायदा, येथे लागू आहे आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनुसार पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होता येते. म्हणजे ज्या सभेसमोर हिशेब द्यायचा ती सभा कायद्याने अस्तित्वात आहे. उलट पक्षांच्या अंतर्गत कारभारावर कायद्याचा धाक फारसा नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम २९-अ नुसार नोंदणी करताना पक्षाला संविधानाशी आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांशी निष्ठा लिहून द्यावी लागते, परंतु सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे, फसवणुकीने नोंदणी मिळवणे यांसारखे मोजके अपवाद सोडले तर ते वचन मोडले म्हणून नोंदणी रद्द करण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला नाही. पक्षाला व्रत लावणारा कोणी वर बसलेला नाही, तो खालीच शोधावा लागेल. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुका पक्षचिन्हावर लढवल्या जातात. ग्रामपंचायतीची निवडणूक मात्र महाराष्ट्रात पक्षचिन्हाविना होते. काठीच्या पाड्यावर त्या निवडणुकीत मत मागायला पक्ष येत नाही, त्याचा माणूस येतो, आणि त्याने वर्षभर काय केले हे यादी न पाहता सांगणारे शेजारी त्याला तेथे भेटतात.