गुप्त मत आणि उघड निष्ठा

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत पक्षादेश चालत नाही. मतदान गुप्त असते आणि १९८५ चा पक्षांतरबंदी कायदाही तेथे पोहोचत नाही. विरुद्ध मत देणाऱ्या आमदाराची जागा जात नाही. पहारा असला म्हणजे कोणीही प्रामाणिक राहतो. पक्षनिष्ठेची खरी पारख व्हायची ती येथेच.

१९६९ साली ती झाली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर काँग्रेसच्या संसदीय मंडळाने बंगळूरला नीलम संजीव रेड्डींची निवड केली. इंदिरा गांधींना ती रुचली नव्हती. तरी रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर त्यांची सही होती. पुढे पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा जनसंघ व स्वतंत्र पक्षाशी बोलले, तेव्हा इंदिराबाईंनी सदसद्विवेकबुद्धीनुसार मत देण्याचा पुकारा केला. व्ही. व्ही. गिरी निवडून आले; अखेरच्या मोजणीत त्यांना ४,२०,०७७ आणि रेड्डींना ४,०५,४२७ मते पडली.

यशवंतराव चव्हाणांनी बंगळूरला रेड्डींच्या बाजूने कौल दिला होता आणि तो त्यांनी फिरवला नाही. नोव्हेंबरात पक्ष फुटला, तेव्हा मात्र ते इंदिराबाईंबरोबर राहिले. त्यांना कुंपणावरचे म्हणणारे पुष्कळ निघाले. मला तसे वाटत नाही. दिलेला शब्द पाळणे ही एक गोष्ट आणि पुढची वाट निवडणे ही दुसरी. दोन्ही त्यांनी उजेडात केल्या. म्हणून तर आपण त्यांना दोष देऊ शकतो! चिठ्ठीआड फिरलेल्यांना कोण दोष देणार?

त्याच निवडणुकीत तिसरे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढण्याच्या निर्णयावरून १९५६ साली त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले होते. मुंबईच्या उंबऱ्याशी राहणाऱ्या आम्हा आगाशीकरांना त्या राजीनाम्याचे मोल वेगळे सांगायला नको. विवेकबुद्धी त्यांनाही होती. पण तिच्यासाठी त्यांनी खुर्ची दिली. विवेकाचे नाव घेऊन ज्याचे काहीच जात नाही, त्याने आपला आतला आवाज पुन्हा एकदा ऐकून पाहावा. तो कदाचित बाहेरूनच येत असेल.

कोणी म्हणेल, गुप्तता दुर्बळाच्या रक्षणासाठी आहे. ते खरे आहे. गावातला कूळ, मजूर, मच्छीमार मत देतो तेव्हा त्याला सावकाराचे भय नको. परंतु तो कोणाचा मुखत्यार नसतो. आमदार मात्र पक्षाच्या चिन्हावर लोकांकडून मत घेऊन गेलेला असतो. ते मत त्याच्याजवळ ठेव आहे आणि ठेवीचा हिशेब द्यावा लागतो.

याचा अर्थ पक्ष म्हणेल तसेच वागावे असा नव्हे. २००७ साली शिवसेनेने आघाडीतील मित्रपक्षांचा उमेदवार सोडून प्रतिभाताई पाटील यांना पाठिंबा दिला. त्या निर्णयाबद्दल मतभेद असू शकतात. पण तो आधी जाहीर केलेला होता, लपवलेला नव्हता. मतपत्रिका कोणाला दाखवू नये, हा नियम योग्यच आहे. परंतु आपण कोणत्या बाजूचे आहोत हे मतदानापूर्वी सांगायला प्रतिनिधीला कोणी अडवलेले नाही.

पक्ष सोडणे हे पाप नव्हे. पक्षाच्या ताटात जेवत राहून अंधारात ताट फिरवणे, याला मात्र विवेक म्हणू नये.