कॉफी दिसते, जिना दिसत नाही

सिएटलच्या आसपास मराठी माणसं मुबलक. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांनी त्यांना तिथं नेलं आणि शनिवार-रविवारच्या मोकळ्या वेळेनं रेनिअरच्या वाटेला लावलं. ४,३९२ मीटर उंचीचा हा ज्वालामुखी शहरातूनही दिसतो, ढगांची मर्जी असेल तर. अंगावर बारमाही हिमनद्या, भोवती १८९९ सालापासूनचं राष्ट्रीय उद्यान. हिवाळ्यात तिथं जायचं ठरलं की सकाळचा चहा व्हायच्या आधी घरातलं कुणीतरी पॅराडाइजचे वेबकॅम उघडतं.

पॅराडाइज म्हणजे डोंगराच्या दक्षिण उतारावरची, सुमारे साडेसोळाशे मीटर उंचीवरची जागा. रस्ता हिवाळ्यातही जिथवर नेतो ते हे टोक. एक कॅमेरा शिखराकडे, एक समोरच्या टाटूश रांगेकडे, एक पार्किंगकडे. लोक आधी शिखर बघतात, कारण ते देखणं असतं. मग पार्किंग बघतात, कारण कामाचं तेच. डांबर काळं दिसतंय की करडं, कडेच्या बर्फाची भिंत किती वर आली, गाड्या किती आहेत. आपल्याकडे घाटाखालच्या टपरीवर चहा पिताना वरून आलेल्या ट्रकवाल्याला ‘घाट चालू आहे का?’ असं विचारतात, तीच ही चौकशी. फक्त ट्रकवाला उत्तर देतो. चित्र उत्तर देत नाही, आपणच ते त्यात शोधतो.

आणि शोधणारा निघायच्या तयारीत असतो. डबे भरलेले, मुलांचे बूट दाराशी, भारतातून आलेल्या आईबाबांसाठी जास्तीचे कोट गाडीत. अशा वेळी पांढऱ्या पडद्याचा अर्थ ‘ढग आहेत, दहापर्यंत फाटतील’ असा लागतो. खरं तर पांढऱ्याचे किमान तीन अर्थ आहेत: ढग खाली उतरलेत, हिमवर्षाव चालू आहे, किंवा नुसती भिंगावर बर्फाची साय धरली आहे. चौथी शक्यता अशी की चित्र पहाटेपासून अडकून पडलंय आणि कोपऱ्यातली वेळ कुणी वाचलेलीच नाही. काळंभोर डांबर दिसलं तर आनंदच होतो. पण ओल्या डांबरावर धरलेला पारदर्शक बर्फ कॅमेऱ्याला ओल्या डांबरासारखाच दिसतो. तो कळतो टायरला.

सगळ्यात फसवं चित्र मात्र स्वच्छ उन्हाचं. निळं आकाश, लखलखीत शिखर, आणि पार्किंगमध्ये एकही गाडी नाही. ‘गर्दी नाही, चला!’ असं म्हणावंसं वाटतं. गर्दी का नाही? कारण खाली लाँगमायरचं गेट बंद आहे. हिवाळ्यात हे गेट रोज संध्याकाळी लागतं आणि सकाळी वरचा रस्ता साफ झाला, हिमस्खलनाचा धोका नाही असं वाटलं, तरच उघडतं. अलीकडच्या काही हिवाळ्यांत तर पुरेशी माणसं नाहीत म्हणून वरचा रस्ता आठवड्यातले काही दिवसच चालू ठेवला गेला. मनुष्यबळाची टंचाई कुठल्याही कॅमेऱ्यात दिसत नाही. उलट त्या दिवशी चित्र जास्तच मोहक निघतं.

इथं मला वेबकॅमचा मूळपुरुष आठवतो. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत काही संशोधकांनी कॉफीच्या भांड्यावर एक कॅमेरा रोखला. इमारतीच्या दुसऱ्या भागात बसणारी मंडळी जिने चढून-उतरून यायची आणि भांडं रिकामं सापडायचं, हे टाळायचं होतं. चित्र छोटंसं, कृष्णधवल. १९९३मध्ये ते वेबवर आलं, जगभरातल्या लोकांनी पाहिलं, आणि २००१मध्ये कॅमेरा बंद झाला. हेलपाटा वाचवणं हा या यंत्राचा जन्मजात धर्म आहे, आणि केंब्रिजमध्ये त्यानं तो चोख पाळला. पण तिथं प्रश्न एकच होता: कॉफी आहे का? जिना आहे का, हा प्रश्न कुणाला पडत नव्हता. रेनिअरवर नेमकं उलटं आहे. कॉफी, म्हणजे डोंगर, कुठं जात नाही. शंका जिन्याची असते, आणि कॅमेरा आपण अजूनही कॉफीवरच रोखलेला आहे.

हा जिना कसला आहे बघा. लाँगमायरपासून पॅराडाइजपर्यंत अठरा-एकोणीस किलोमीटर वळणं, आणि तेवढ्यात आठशे मीटरची चढण. खाली पाऊस, वर बर्फ, मधे दोन्हींचा चिखल. पॅराडाइजला वर्षाकाठी सरासरी १६ मीटर बर्फ पडतो. १९७१-७२च्या मोसमात साडेअठ्ठावीस मीटर पडला होता. तो तेव्हा जागतिक विक्रम होता, पुढे १९९८-९९मध्ये त्याच राज्यातल्या बेकर पर्वतानं तो मोडला. १ नोव्हेंबर ते १ मे या काळात उद्यानात प्रत्येक गाडीत टायरच्या साखळ्या असाव्याच लागतात, चारही चाकांना ताकद देणारी गाडी असली तरी. हा नियम चित्र बघून ठरत नाही, तो त्या रस्त्याच्या अनुभवातून आला आहे.

बर्फच कशाला, नोव्हेंबर २००६मध्ये इथं ३६ तासांत सुमारे ४५ सेंटिमीटर पाऊस कोसळला. नद्यांनी खालचे रस्ते खरवडून नेले, एक कँपिंगची जागाच वाहून गेली, आणि उद्यान सहा महिने बंद राहिलं. मे २००७मध्ये वाहनांना पुन्हा वाट मिळाली. शिखराचं चित्र मात्र त्या सहा महिन्यांतल्या कुठल्याही उघाडीच्या दिवशी नेहमीसारखंच सुंदर निघालं असतं.

उद्यानवाले चित्रांबरोबर रस्त्याच्या स्थितीची एक ओळही देतात. रस्ता चालू, रस्ता बंद, साखळ्या लावा. नीरस ओळ. पण तिच्यामागे अंधारात स्नोप्लाऊ घेऊन चढलेला माणूस आहे, उतारावरच्या बर्फाचा अंदाज घेणारे डोळे आहेत, आणि ‘आज उघडायचं नाही’ असं म्हणण्याचा अधिकार आहे. आपण ती ओळ वाचतो आणि तरीही चित्र उघडतो. ‘बंद’ वाचून चित्रात ऊन दिसलं की त्या माणसाच्या शहाणपणाविषयीच शंका घेतो. माझ्या मते वेबकॅमनं केलेलं खरं नुकसान हे आहे. दिसलं म्हणजे कळलं, असा आपला ग्रह होतो, आणि ज्याला खरोखर कळतं त्याचा शब्द आपल्याला नोकरशाहीचा अडथळा वाटू लागतो.

तरी कॅमेरे काढून टाका असं मी म्हणणार नाही. सिएटलहून अडीच तास गाडी हाकून गेटवरून परत फिरणं काय असतं, ते मागच्या सीटवर मुलं असलेल्यांना विचारा. शिवाय या चित्रांना दुसरे प्रेक्षकही आहेत. हिवाळ्यात पॅराडाइजला उजाडतं तेव्हा पुण्यात रात्रीची जेवणं आटोपलेली असतात. मुलगा तिकडे असलेल्या एक काकू तेव्हा टॅबवर तो डोंगर बघत बसतात. त्यांना तिथं जायचं नसतं, त्यामुळे त्या चित्र नीट वाचतात. एकदा मुलगा फोनवर म्हणाला, ‘आई, वर मस्त ऊन पडलंय, आम्ही निघतोय.’ काकू म्हणाल्या, ‘अरे, दहा वाजत आले तुमच्याकडे, आणि एक गाडी नाही तिथं. रस्ता चालू आहे का ते वाचलंस का?’