दिसत नाही म्हणजे नाही काय?

संगणकाने रात्री अपडेट घेतले आणि सकाळी घरच्या नेटवर्कवरचा साठा उघडेना, की पडद्यावर बहुधा एकच वाक्य येते: नेटवर्कचा मार्ग सापडला नाही. हा साठा म्हणजे राउटरशेजारी ठेवलेली, दोन-चार हार्डडिस्क बसवलेली पेटी. जाणकार तिला नास म्हणतात, बाकीचे नुसते सर्व्हर. वऱ्हाडातल्या तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी ती फोटो स्टुडिओत लग्नांचे फोटो सांभाळते, अडत्याकडे वर्षावर्षांचे हिशेब सांभाळते, तर एखाद्या घरी पुण्याला किंवा परदेशी गेलेल्या मुलाने लावून दिलेली असते आणि तिच्यात सातबाऱ्याच्या प्रतींपासून आजीच्या आवाजापर्यंत सारे असते. ते वाक्य वाचताच तोंडून शब्द निघतो, 'गेलं'. हा शब्द खरा की खोटा, हे तपासणे तंत्रज्ञाचे काम आहे आणि तत्त्वज्ञाचेही. 'सापडत नाही' यावरून 'नाही' हे सिद्ध होते काय, हा भारतीय दर्शनांतला फार जुना वाद आहे.

जमिनीवर घडा नाही, हे कळते कशाने? डोळ्याला जमीन दिसते, पण घड्याचे नसणे डोळ्याला कसे दिसावे? सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टाच्या मीमांसापरंपरेने यासाठी अनुपलब्धी हे सहावे, स्वतंत्र प्रमाण मानले. अद्वैत वेदान्तानेही ते स्वीकारले. नैयायिकांना ते मान्य नव्हते. त्यांच्या मते अभावही इंद्रियानेच कळतो. प्राभाकर मीमांसक तर अभाव नावाचा वेगळा पदार्थच मानत नाहीत. त्यांच्या लेखी तिथे फक्त मोकळी जमीन असते. या भांडणात एक अट मात्र भाट्ट आणि नैयायिक दोघांनीही सोडली नाही, ती योग्यतेची. घडा असता तर दिसलाच असता, अशी सगळी सामग्री हजर असेल, तरच न दिसण्यावरून नसणे ठरवता येते. उजेड हवा, डोळा शाबूत हवा, मध्ये आडोसा नको. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर त्यावरून घड्याबद्दल काहीच कळत नाही. कळते ते अंधाराबद्दल.

तेल्हारा तालुक्यात ही गोष्ट पाण्यावरून चटकन उमगते. सातपुड्याच्या पायथ्याशी, वारी भैरवगडाजवळ वान नदीवर धरण आहे आणि तिथले पाणी नळाने दूरवर जाते. एखाद्या सकाळी नळ कोरडा राहिला, म्हणून धरण आटले असे कोणी म्हणत नाही. वीज गेली असेल, व्हॉल्व्ह बंद असेल, पाइप फुटला असेल, असे माणूस पाण्याच्या वाटेने मागे मागे शोधत जातो. तालुक्याच्या दक्षिणेला, पूर्णेच्या बाजूच्या खारपाणपट्ट्यात तर पाणी जमिनीखाली आहेच, फक्त ते पिण्याजोगे नाही. असणे आणि हाती लागण्याजोगे असणे यांतला फरक तिथल्या माणसाला विहिरीने शिकवला आहे.

संगणकापुढे हाच माणूस तो फरक विसरतो, आणि त्याची किंमत भयंकर असू शकते. न्याय-वैशेषिकांनी अभावाचे चार प्रकार केले आहेत. वस्तू निर्माण होण्यापूर्वीचा तो प्रागभाव, नष्ट झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव, कधीच नसण्याचा अत्यंताभाव आणि एक वस्तू दुसरी नसण्याचा अन्योन्याभाव. त्यांतल्या प्रध्वंसाभावाला सुरुवात असते, शेवट नसतो. फुटलेला घडा पुन्हा तोच घडा होत नाही. 'गेलं' म्हणणारा नकळत प्रध्वंसाभावाची घोषणा करत असतो, आणि ती मनात पक्की झाली की हातून पुढची कृतीही तशीच घडते. पेटी फॅक्टरी रीसेट केली जाते. किंवा डिस्क बाहेर काढून थेट विंडोजच्या संगणकाला जोडली जाते. बहुतेक नास लिनक्सवर चालतात. त्यांच्या डिस्कवरची मांडणी विंडोजला वाचता येत नाही, म्हणून ते नम्रपणे विचारते, डिस्क फॉरमॅट करायची का? 'हो' म्हणताच, तोवर नसलेला प्रध्वंस खरोखरच सुरू होतो. वाचता न येणाऱ्याने 'कोरी आहे' असा निर्णय देणे, अनुपलब्धीच्या दुरुपयोगाचा याहून स्वच्छ नमुना सापडणार नाही. खरे तर अपडेटने साठ्याला हात लावलेलाच नसतो. तो संगणकात झालेला बदल असतो. अभाव आहे, पण तो फोटोंचा नाही, संयोगाचा आहे.

असलेली वस्तू का दिसत नाही, याची यादी ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत सातव्या कारिकेत दिली आहे. कारणे आठ: फार लांब असणे, फार जवळ असणे, इंद्रिय निकामी होणे, मन ठिकाणावर नसणे, वस्तू अतिसूक्ष्म असणे, मध्ये आडोसा असणे, प्रबळ वस्तूने झाकोळणे आणि सारख्या वस्तूंत मिसळून जाणे. दुरुस्ती करणाऱ्याने ही यादी भिंतीवर लावावी इतकी ती पुरी आहे.

आडोशाचे उदाहरण सर्वांत नेहमीचे. अपडेटनंतर विंडोज कधीकधी घरच्या नेटवर्कला 'सार्वजनिक' समजू लागते. मग ते बसस्थानकावरच्या अनोळखी वायफायशी जसे वागावे तसे घराशी वागते: स्वतः लपते आणि शेजारच्या यंत्रांचा शोध थांबवते. नेटवर्कची नोंद 'खाजगी' केली की पडदा सरतो. सारख्यांत मिसळण्याचे कारण वीज गेल्यावर उभे राहते. लाइन परत आली की राउटर यंत्रांना नव्याने आयपी पत्ते वाटतो. काल नासचा असलेला पत्ता आज कुणाच्या तरी मोबाइलचा असतो, आणि संगणक जुन्याच दारावर थाप मारत बसतो. नासला कायमचा पत्ता नेमून देणे हा त्यावरचा उपाय. झाकोळणे घडते ते ऑफिसच्या कामासाठी व्हीपीएन चालू राहिले तर. सारी वाहतूक त्या दूरच्या वाटेला लागते आणि शेजारच्या खोलीतली पेटी दिसेनाशी होते. फार जवळ असण्याचे कारण प्रथम विचित्र वाटते, पण डोळ्याला स्वतःचे काजळ दिसत नाही, तसे संगणकाच्या पोटात साठवलेले जुने नाव आणि जुना पासवर्ड मालकाला दिसत नाहीत. तो स्वतः बरोबर पासवर्ड जाणतो, संगणक मात्र न विचारता चुकीचा पुढे करत राहतो. विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली ती नोंद काढावी लागते.

इंद्रिय निकामी होणे हे कारण मात्र सविस्तर पाहायला हवे, कारण अपडेटशी थेट नाते त्याचेच आहे. फाइली वाटून घेण्यासाठी विंडोज आणि नास जी भाषा बोलतात तिचे नाव एसएमबी. तिचे मूळ १९८०च्या दशकात आयबीएममध्ये आहे. तिची पहिली आवृत्ती, एसएमबी-१, सुरक्षेचा फारसा विचार न करता घडली होती. १२ मे २०१७ रोजी पसरू लागलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने विंडोजमधल्या तिच्याच दोषातून जगभरच्या रुग्णालयांचे आणि कचेऱ्यांचे संगणक बंद पाडले. त्या दोषावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, पण ती अनेकांनी घेतली नव्हती. त्या वर्षी ऑक्टोबरात आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून एसएमबी-१ काढून टाकायला सुरुवात झाली. जी जुनी पेटी तेवढी एकच भाषा जाणत होती, ती मुकी भासू लागली. ती बोलत होती, ऐकणारा कान गेला होता.

दुसरा बदल २०२४च्या ऑक्टोबरात, विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीने आणला. प्रो आणि त्यावरच्या प्रकारांत आता प्रत्येक एसएमबी संदेशावर सांकेतिक सही सक्तीची आहे, आणि पासवर्डाविना 'पाहुणा' म्हणून आत शिरणे बंद आहे. या दोन गोष्टी आतून जुळलेल्या आहेत. सहीची किल्ली पासवर्डातून घडते. पाहुण्याला पासवर्डच नसतो, म्हणून त्याला सहीही करता येत नाही. राउटरला यूएसबीने लावलेली, कुणालाही मोकळी असलेली डिस्क नव्या संगणकाला एकाएकी परकी होते ती यामुळे. वेदान्तात ग्रंथाच्या आरंभी अधिकारी कोण, हे आधी सांगावे लागते. विषय कितीही जवळ असो, अधिकाराशिवाय तो उघडत नाही. इथे अधिकार मिळवणे सोपे आहे: नासवर स्वतःच्या नावाचे खाते काढावे, पासवर्ड घालावा, त्याच नावाने आत जावे, नासचे सॉफ्टवेअर नवे करावे. सहीची सक्ती बंद करणे किंवा एसएमबी-१ पुन्हा जिवंत करणे हा आडमार्गही उपलब्ध आहे. तो घ्यायचाच तर फक्त सामान बाहेर काढण्यापुरता घ्यावा आणि लगेच बुजवावा. दार उघडत नाही म्हणून भिंत पाडून ठेवणाऱ्या घरात उद्या कुणीही शिरेल.

वस्तू आहे, पण तिची भाषा कळत नाही, ही स्थिती वऱ्हाडाने कितीतरी मोठ्या प्रमाणावर अनुभवली आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटाने लीळाचरित्र हा महानुभाव पंथाचा ग्रंथ सिद्ध केला. पुढच्या शतकात या पंथाने आपल्या पोथ्यांसाठी सकळ लिपी वापरायला घेतली. तिची योजना रवळोबासाच्या नावे सांगितली जाते. नागरीतल्या एका अक्षरासाठी दुसरे अक्षर, अशी तिची रचना. मठामठांतून मराठीचे आद्य गद्य शतकानुशतके शाबूत राहिले, नकलाही होत राहिल्या, पण पंथाबाहेरच्या माणसाने पोथी हाती घेतली तरी ती त्याला निरर्थक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे अशा संशोधकांना उलगडा झाला आणि मराठी साहित्याच्या इतिहासाची सुरुवातीची पानेच बदलली. तोवर 'नव्हते' ते सारे 'होते' निघाले. त्याच लीळाचरित्राची दुसरी कहाणीही परंपरा सांगते: खलजींच्या धाडीत मूळ पोथी हरवली आणि हिराइसा आदींच्या स्मरणातून पाठ पुन्हा उभे केले गेले. पहिल्या कहाणीत संयोग तुटला होता, दुसरीत खरा प्रध्वंसाभाव होता, आणि त्यातून जे तरले ते दुसऱ्या ठिकाणी, माणसांच्या कंठात, असलेल्या प्रतीमुळे. ती मूळ पोथी परतली नाही. पाठ परतले, तेही थोडेथोडे निराळे.

इंद्रिय गेले तर वाटही संपते काय, या प्रश्नालाही याच प्रदेशात उत्तर आहे. १८८१ मध्ये अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली. शास्त्रग्रंथ त्यांनी इतरांकडून वाचून घेतले, कानांनी आत्मसात केले आणि १९१५ मध्ये देह ठेवण्यापूर्वी विपुल लेखन केले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. ग्रंथ डोळ्याच्याच वाटेने आला पाहिजे असा काही नियम नाही. नासच्या बाबतीत ही दुसरी वाट म्हणजे ब्राउझर. पत्त्याच्या जागी नासचा आयपी आकडा टाकला की बहुतेक पेट्या आपले स्वतःचे पान उघडून दाखवतात. मोबाइलवरच्या ॲपमधूनही फोटो दिसतात. एसएमबीचा दरवाजा बंद असला तरी साठा आहे, हे अशा वेळी निर्विवाद ठरते.

शोधाचा क्रम कसा असावा, हे वेदान्तातल्या दहाव्या माणसाच्या गोष्टीत आले आहे. दहा जण नदी उतरून जातात. मोजणारा स्वतःला सोडून नऊच मोजतो, आणि दहावा बुडाला म्हणून सारे रडतात. चौदाव्या शतकातल्या विद्यारण्यांच्या पंचदशीत याच्या सात अवस्था केल्या आहेत. आधी अज्ञान. मग आवरण, म्हणजे 'दहावा दिसत नाही, तो नाहीच' असे वाटणे. मग विक्षेप, म्हणजे रडारड. त्यानंतर वाटसरू सांगतो, दहावा जिवंत आहे. हे परोक्ष ज्ञान. 'तो तूच' हे कळणे म्हणजे अपरोक्ष ज्ञान. शेवटी शोक सरतो आणि तृप्ती येते. चौथी अवस्था विद्यारण्यांनी वेगळी ठेवली, हे फार मोलाचे आहे. दहावा अजून सापडलेला नसतो, पण आहे एवढे कळताच रडणे ओसरू लागते आणि शोध शहाणपणाने चालतो.

संगणकावर ही चौथी अवस्था पिंगने, म्हणजे पत्त्यावर मारलेल्या हाकेने येते. नासच्या सध्याच्या पत्त्याला पिंग केले आणि उत्तर आले, तर पेटी जिवंत आहे आणि तार शाबूत आहे. ४४५ क्रमांकाचे पोर्ट उघडे असेल तर एसएमबीचे दारही जागे आहे. अडचण मग भाषेची, सहीची किंवा नावाची उरते. सांख्यकारिकेची पुढची, आठवी कारिका हेच सांगते: मूळ प्रकृती दिसत नाही ती सूक्ष्म असल्यामुळे, नसल्यामुळे नव्हे, ती कार्यावरून कळते. पेटीवरचे लुकलुकणारे दिवे, दुसऱ्या संगणकावर उघडलेला फोल्डर, ब्राउझरमधले पान ही सारी कार्ये आहेत. ती पाहून झाल्याशिवाय रीसेटच्या बटणाला बोट लागू नये. आणि ही कार्येही दिसली नाहीत, पेटी सुरूच होत नसली, डिस्क खडखडत असली, तर धोका खरा आहे असे समजून वीज काढून घ्यावी आणि डिस्कमधली माहिती परत काढणाऱ्या तज्ज्ञाकडे जावे. तिथेही प्रध्वंस सिद्ध करण्याचा भार 'गेलं' म्हणणाऱ्यावरच असतो.

साठा उघडल्यावर फोल्डरची नावे दिसणे पुरेसे नाही. नाव आहे म्हणजे फाइल वाचता येतेच असे नाही. चार-दोन जुने फोटो, एखादी ध्वनिफीत, हिशेबाची एक फाइल प्रत्यक्ष उघडून पाहावी लागते. मग सारे सामान वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्यायचे, आणि ती डिस्क राउटरपासून दूर, शक्य तर दुसऱ्या घरी ठेवायची.