नाक आपले, नजर कोणाची?

मराठी भाषेने मनुष्याची सारी प्रतिष्ठा नाकावर आणून ठेवली आहे. अब्रू गेली की नाक कापले जाते, गरज पडली की नाक मुठीत धरावे लागते, क्षमा मागायची तर नाक घासावे लागते आणि मोठेपणाचा आव आणणारा नाकानेच कांदे सोलतो. डोळे, कान, हनुवटी यांच्या वाट्याला एवढा मान आलेला नाही. म्हणूनच दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत पुण्यास नोकरी करणारा आमचा सत्तावीस वर्षांचा पुतण्या फराळ करता करता म्हणाला, “काका, मी नाकाचं ऑपरेशन करून घेणार आहे,” तेव्हा बैठकीत एकदम शांतता पसरली.

आमचे घराणे कैक पिढ्यांपूर्वी देशावरून माळव्यात आले. आडनाव, देवघरातील टाक, कटाची आमटी आणि हे नाक, एवढेच काय ते मूळ गावचे आमच्यापाशी उरले आहे. पणजोबांच्या तसबिरीत ते ठळक दिसते: मध्यभागी उंचवटा, शेंडा किंचित खाली वळलेला. तेच आजोबांना होते, आम्हांस आहे आणि या मुलालाही आले. आम्ही त्याला दोन वाक्ये सुनावली. “देवाने दिलेल्या देहाला हौसेखातर सुरी लावायची काय? आणि हा काय पुरुषाने बोलायचा विषय आहे?” तो काही बोलला नाही; ताट तसेच ठेवून उठून गेला. ती दोन वाक्ये नंतर आमच्या मनातून जाईनात. त्यांची तपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिले वाक्य प्रथम घेऊ. देवाने दिलेला देह जसाच्या तसा राखावा, असे म्हणणारे आम्ही तोंडात कवळी बसवतो, मोतीबिंदू काढून डोळ्यात भिंग घालून घेतो आणि लग्नकार्याच्या आधी केसांना कलप लावतो. ज्या दैवताला वंदन केल्यावाचून आपले कोणतेही कार्य आरंभ होत नाही, त्याचे मुखच मुळी बदललेले आहे. तेव्हा देहात फेरफार करणे हेच पाप, ही भूमिका टिकत नाही.

शिवाय नाकाची शस्त्रक्रिया ही काही पश्चिमेकडून आलेली चैन नव्हे. नाक कापणे ही आपल्याकडे जुनी शिक्षा होती, आणि तुटलेले नाक गालाच्या कातडीने पुन्हा कसे बसवावे, याचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. पुढे ही विद्या कारागिरांच्या घरांत वंशपरंपरेने जिवंत राहिली. 1794 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र प्रसिद्ध झाले. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी 1792 च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो बिननाकाचा वावरला आणि नंतर पुण्याजवळ विटा घडविणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. मेणाचा पातळ साचा नाकाच्या जागी बसवायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, त्याच्या कडेने रेघ आखून तेवढी कातडी सोडवायची, भुवयांमधला एक पट्टा मात्र जोडलेला ठेवायचा आणि ती कातडी खाली वळवून बसवायची, अशी ती रीत. हे वर्णन वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने 1814 साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. जगातील आधुनिक नासिकाशल्याच्या इतिहासात पुण्याजवळच्या त्या कारागिराचे स्थान अढळ आहे; त्याचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही.

येथे कोणी म्हणेल, आणि रास्त म्हणेल, की कावसजीने गमावलेले नाक परत मिळवले. आमच्या पुतण्याचे नाक तर शाबूत आहे. हा भेद खराच. या प्रश्नाला 1898 साली बर्लिनमध्ये तोंड फुटले. जॅक जोसेफ या शल्यविशारदाकडे एक पुरुष आला. त्याचे नाक निरोगी होते, फक्त मोठे होते. लोक टक लावून पाहतात म्हणून त्याला चारचौघांत जाणे नकोसे झाले होते. जोसेफ यांनी ते नाक लहान केले, आणि रुग्णाच्या मनावरचे दडपण गेले हेच शस्त्रक्रियेचे समर्थन म्हणून आपल्या व्यवसायबंधूंपुढे मांडले. जोसेफ स्वतः ज्यू होते. त्या काळच्या जर्मनीत ज्यूंच्या नाकांची व्यंगचित्रे काढली जात, आणि त्यांच्याकडे येणाऱ्या अनेकांना सुंदर दिसण्यापेक्षा गर्दीत वेगळे न दिसणे हवे होते. आमचे दुसरे वाक्य येथेच गळून पडते. निरोगी नाक लहान करण्याच्या आधुनिक इतिहासातील हा गाजलेला रुग्ण पुरुष होता, आणि त्याचे दुःख नटव्याचे नव्हते.

मग प्रश्न उरतो तो असा: त्या मनुष्याचे नाक सदोष होते की पाहणाऱ्यांची नजर? नजर सदोष असेल, तर सुरी नाकावर का चालावी? तत्त्वतः उत्तर सोपे आहे. परंतु नजर सुधारायला शतके लागतात आणि मनुष्याला आयुष्य एकच मिळते. दुसऱ्याने केवळ तत्त्वासाठी अपमान सोसत राहावे, असे सांगण्याचा अधिकार आपल्याला कोठून येतो, याचे उत्तर आम्हांस सापडले नाही.

या विचारात असताना एक गोष्ट आठवली, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. हा मुलगा चार-पाच वर्षांचा असताना त्याला ‘राघू’ हे नाव आम्हीच ठेवले होते. पोपटाच्या चोचीवरून. प्रेमानेच ठेवले, घरभर रुळले, शाळेपर्यंत पोचले. शाळेत त्याचे काय झाले, हे आम्ही कधी विचारले नाही. ज्या नाकाचा आम्ही घराण्याची खूण म्हणून अभिमान बाळगत होतो, तेच आम्ही एका मुलाला थट्टेचा विषय म्हणून बहाल केले होते. आठवडाभराने आम्ही त्याला फोन केला व तसे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, “काका, पुढच्या महिन्यात डॉक्टरांना भेटायचंय. तुम्ही याल का?” आम्ही गेलो. एका डॉक्टरांकडे, मग दुसऱ्या डॉक्टरांकडेही.

तेथे जे ऐकले आणि पुढे जे वाचले, ते प्रत्येक पुरुषाने या वाटेला जाण्यापूर्वी जाणून घ्यावे असे आहे. पहिली गोष्ट आरशाची. हल्ली तरुण स्वतःचा चेहरा आरशापेक्षा मोबाईलमध्ये अधिक पाहतात. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे दाखवले गेले, की एक फुटावरून काढलेल्या छायाचित्रात पुरुषाचे नाक पाच फुटांवरून काढलेल्या छायाचित्राच्या तुलनेत सुमारे 30 टक्के रुंद दिसते. म्हणजे ज्या नाकाचे दुःख आपण करतो, त्यातील काही भाग केवळ भिंगाने दिलेला असतो.

दुसरी गोष्ट रचनेची. नाकावरचा उंचवटा काही हाडाचा, काही कूर्चेचा असतो. तो तासला की वरचे छत उघडे पडते. ते मिटविण्यासाठी दोन्ही बाजूंची हाडे कापून जवळ आणावी लागतात. यात अतिरेक झाला तर आतील हवेची वाट अरुंद होते आणि दिसण्यापायी श्वास गमावण्याची वेळ येते. पुरुषाच्या नाकाची कातडी बहुधा जाड असते. त्यामुळे आत केलेले बारीक काम बाहेर लवकर उमटत नाही आणि सूज रेंगाळते. वरची पट्टी आठवड्याभरात निघते, पण नाकाचे अंतिम रूप दिसायला वर्ष लागते. जाड कातडीला त्याहून अधिक. पुरुषाच्या वरच्या ओठाशी नाकाचा कोन साधारण 90 ते 95 अंशांचा असतो, स्त्रीचा त्याहून मोठा. शेंडा फाजील उचलला, कणा फाजील खाली आणला, तर चेहरा आपला वाटेनासा होतो. संगणकावर दाखवले जाणारे भावी चित्र हे संभाषणाचे साधन आहे, करारनामा नव्हे. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण साधारणपणे शेकडा 5 ते 15 सांगितले जाते, आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते, कारण आत वण असतात आणि कूर्चा कमी उरलेली असते. धूम्रपान करणाऱ्याने काही आठवडे आधी व नंतर ते सोडलेच पाहिजे. नाही तर जखम नीट भरत नाही.

तिसरी गोष्ट मनाची, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. शल्यविशारदांच्या ग्रंथांत एका रुग्णप्रकाराला ‘सायमन’ असे सांकेतिक नाव आहे. अविवाहित, अपरिपक्व, पुरुष, अवाजवी अपेक्षा बाळगणारा आणि आत्ममग्न, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे. अशा रुग्णाबाबत सावध राहा, असा इशारा त्यात आहे. पुरुष असणे हाच एक धोका म्हणून मोजलेला पाहून आम्ही प्रथम चकित झालो. नंतर वाटले, यात काही तथ्य असावे. आपण मुलांना रूपाविषयी बोलण्याची भाषाच शिकवत नाही. दुःख बोलता येत नाही, म्हणून ते एका अवयवावर जमा होते, आणि मग नोकरी, लग्न, एकटेपणा या साऱ्यांचे उत्तर त्या अवयवाकडून मागितले जाते. क्षुल्लक वा काल्पनिक दोषाचा दिवसरात्र ध्यास लागणे हा तर स्वतंत्र मनोविकार आहे. त्यावर उपाय मनोविकारतज्ज्ञाकडे असतो. शस्त्रक्रियेने तो बहुधा शमत नाही, कित्येकदा वाढतो.

म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी आमच्या पुतण्याला जो प्रश्न विचारला तो आम्हांस मोलाचा वाटला: “नाक बदललं आणि आयुष्यात दुसरं काहीच बदललं नाही, तर चालेल का?” त्याला लगेच उत्तर देता आले नाही. डॉक्टरांनी सहा महिने थांबायला सांगितले. उत्तर नसताना थांबवणारा डॉक्टर मिळणे हे भाग्य समजावे.

आयुष्यभर सरकारी नोकरीत आम्ही स्वाक्षऱ्या घेतल्या आणि दिल्या. त्यांतील किती न वाचता झाल्या हे आम्हीच जाणतो. संमतिपत्राची गोष्ट निराळी आहे. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली स्पष्ट केले, की उपचाराचे स्वरूप, हेतू, पर्याय आणि प्रमुख धोके रुग्णाला समजावून दिल्यानंतरची संमती हीच खरी संमती, आणि एका शस्त्रक्रियेची संमती दुसरीला लागू होत नाही. तेव्हा शस्त्रक्रिया कोण करणार, त्याची पदवी काय, भूल कोण देणार, आत कृत्रिम वस्तू बसवणार की आपलीच कूर्चा वापरणार, बिघडल्यास पुढे काय, हे विचारण्यात संकोच नसावा. केवळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा देत नाही, हेही आधी लक्षात घ्यावे.

सहा महिन्यांनी मुलगा पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेला. तपासणीत नाकाचा पडदा वाकडा असल्याचे निघाले होते; लहानपणापासून तो तोंडाने श्वास का घेई, हेही घरात कोणी पाहिले नव्हते. पडदा सरळ करून घेतला आणि उंचवटा थोडा कमी केला, नाहीसा केला नाही. “तसबिरीतल्या पणजोबांना ओळखता आलं पाहिजे,” असे तो हसत म्हणाला. आता त्याला झोप शांत लागते. लग्न अजून जमलेले नाही, आणि त्याबद्दल त्याची नाकाविषयी तक्रार नाही.

त्याने योग्य केले की नाही, याचा निवाडा आम्ही करू शकत नाही. न करताही तो सुखी झाला असता का, हे कोणास ठाऊक? एवढे मात्र वाटते, की वाचकांपैकी कोणाच्या घरात मुलाने हा विषय काढला, तर देवधर्म आणि घराणे मध्ये आणण्यापूर्वी त्याला जवळ बसवून घ्यावे आणि हे नाक वाईट आहे असे त्याला पहिल्यांदा कोणी सांगितले, ते विचारावे. उत्तर ऐकण्याची तयारी मात्र ठेवावी. आमच्या घरी ते उत्तर आमच्याच दारात येऊन थांबले होते.